दाट तिथी

यशोदाबाई गावाच्या अक्का झाल्या त्या बसमुळे. त्याआधी त्या वनाभाऊंची बायको होत्या, धाकट्या दिराची, निंबाची वहिनी होत्या, आणि धुळ्याला मुलींच्या होस्टेलात पोळ्या करायला जाणारी बाई होत्या. ही शेवटची ओळख घरात कुणी फारशी काढत नसे. वनाभाऊ लकव्याने खाटेला लागल्यापासून घरात न चुकता येणारा पगार तेवढा तोच होता, तरी धाकटी जाऊ, निंबाची बायको कोकिळा पाहुण्यांना सांगताना म्हणे, "आमच्या जाऊबाई धुळ्याला संस्थेत आहेत." संस्था म्हटलं की पोळपाट दिसत नाही.

करंजखेडे हे गाव पारोळ्याहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आहे. फाट्यावर उतरायचं आणि आत चालायचं. गावाला लागूनच नाला, नाल्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल. एका पावसाळ्यात ती फरशी एका कडेने खचली आणि तिच्यावरून मोठी गाडी नेणं बंद झालं. लहान गाडी जपून निघून जाई. हितेंद्रची गाडी लहान होती.

हितेंद्र पलीकडच्या गावचा, तिशीतला, बोलायला गोड. सकाळी गावातून माणसं भरून धुळ्याला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, हा त्याचा धंदा. गाडी तोताराम चालवी. बसणाऱ्यांत बहुतेक बायाच. कुणी दवाखान्यात झाडपुसेला, कुणी शिलाईच्या कारखान्यात, दिपमाला साडीच्या दुकानात, यशोदाबाई होस्टेलात. पुरुषांकडे मोटरसायकली होत्या. बायांकडे हितेंद्र होता.

लग्नसराई सुरू होईपर्यंत गाडी चांगली चाले. मग दाट तिथीचा दिवस आला की ती यायचीच नाही. वऱ्हाड घेऊन कुठेतरी चोपड्याला, नाहीतर शहाद्याला गेलेली असायची. आधी सांगायची रीत नव्हती. बाया डबे घेऊन मारुतीच्या पारापाशी उभ्या राहत, ऊन अंगावर येई, मग कुणीतरी म्हणे, "आज तिथ शे वाटतं," आणि सगळ्या फाट्याच्या दिशेने चालायला लागत. फाट्यावर येणाऱ्या जीपाही वऱ्हाडांनीच भरलेल्या. आतल्या नटलेल्या बाया यांच्याकडे बघून सरकायचं नाटक करत आणि जीप निघून जाई.

होस्टेलच्या मॅडमनी यशोदाबाईंना एकदा विचारलं, "मावशी, तुमच्या गावात लग्नं फार होतात का हो?" त्या दिवशी मुली नुसत्या चहावर कॉलेजला गेल्या होत्या. मॅडम हसून बोलल्या, पण त्याच आठवड्यात त्यांनी पोळ्यांसाठी दुसरी एक बाई बघून ठेवली. गरज पडली तर, म्हणाल्या. ती बाई होस्टेलच्या मागच्याच गल्लीत राहत होती. यशोदाबाईंना त्या बाईपेक्षा तिची ती गल्ली जास्त खुपली.

तरी गाडीवाचून सगळ्यांत जास्त अडलं होतं ते दिपमालाचं. दिपमाला ही मळ्यातल्या प्रेमराजची बहीण. तिला साक्रीकडे दिली होती. नवरा मारायचा. एकदा त्याने असं मारलं की डावा कान कायमचा गेला, तेव्हा ती माहेरी निघून आली. तिला परत पाठवणार नाही, असं प्रेमराजने चार माणसांत सांगितलं. त्याच्या बायकोने तसं काही सांगितलं नव्हतं. मग दिपमाला धुळ्याला मोहनलाल शेठच्या दुकानात साड्या दाखवायला लागली, पगार भावजयीच्या हातावर ठेवू लागली, आणि तिचं ताट इतरांबरोबर वाढलं जाऊ लागलं. भावजय स्पष्ट बोलणारी होती. "कमाई शे तोवर ऱ्हाय, माय. मी काय तुले काढी ऱ्हायनी का?" असं ती दिपमालाला माणसांदेखत म्हणे. त्यामुळे दुकान सुटलं की दिपमाला साक्रीला जाणार, हे गाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

आणि शेठचा आवाज चढायला लागला होता. लग्नसराई म्हणजे साडीवाल्यांचे कमाईचे दिवस. नेमके त्याच दिवसांत त्यांची ही पोरगी दुपारी उगवत होती.

एका तिथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली, तेव्हा यशोदाबाई चढल्या नाहीत. जाऊन गाडीपुढे उभ्या राहिल्या. त्यांना पाहून बाकीच्या उतरल्या आणि त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. तोतारामने हॉर्न वाजवून पाहिला, मग बिडी पेटवली, मग मालकाला फोन लावला. हितेंद्र मोटरसायकलवर आला.

"काय झालं, अक्का?" त्यानेच त्यांना पहिल्यांदा अक्का म्हटलं.

"काल गाडी कोठे व्हती?"

"काल तिथ होती ना. अमळनेरला वऱ्हाड होतं."

"आनि आम्ही?"

"अक्का, लग्नाला गाडी नाही म्हणू का मी? माणसाचं लगीन एकदाच होतं."

"दिपमालानंबी एकदाच व्हयनं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बाया हसल्या. फाट्यावर वाट बघून आत चालत आलेली दिपमालाही हसली.

"दुसरी गाडी लाव," यशोदाबाई म्हणाल्या.

"दुसरी कुठून आणू? तिथीला बैलगाडी मिळत नाही."

"मंग आदले दिन सांग. आम्ही आमनी सोय पाहसूत. इतलं तं करशी?"

पारावर बसलेली माणसं ऐकत होती. हितेंद्रने मारुतीकडे हात केला आणि सांगितलं, आदल्या दिवशी सांगेन. पण घरोघर फोन लावत बसणार नाही. "मी एकाच माणसाला सांगणार. अक्कांना. पुढचं त्यांनी बघायचं."

बायांना हा मोठा विजय वाटला, आणि तो होताही. मोबाईलवर ग्रुप काढायचं निघालं, पण निम्म्या जणींचे फोन साधे होते, काहींचे नवऱ्यांच्या खिशात राहत, आणि दिपमालाचा फोन प्रेमराजने काढून घेतला होता, साक्रीहून शिव्या येतात म्हणून. तेव्हा यशोदाबाई संध्याकाळी परतताना गाडीतच उभ्या राहून सांगत, "उद्या गाडी नही. ज्यानं त्यानं पाही ल्या." मग कुणी नवऱ्याला उठवून त्याच्या मागे बसे, चौघी मिळून जीप सांगून ठेवत, दिपमाला अंधारातच फाट्यावर जाऊन दूधवाल्याच्या टेम्पोत बसे. सगळ्या वेळेवर पोहोचू लागल्या. शेठ शांत झाले. होस्टेलच्या मॅडम मागच्या गल्लीचं नाव काढेनाशा झाल्या. गावात लोक अक्का म्हणू लागले, सरपंचसुद्धा. वनाभाऊ खाटेवरून म्हणाले, "आते सरपंचकीले उभी ऱ्हाय. मी परचारले येस, खाट उचलनारा चार जन दे."

पुढच्या वैशाखात निंबाच्या मुलाचं, स्वप्नीलचं लग्न निघालं. नवरी पाचोऱ्याच्या बाजूची. बस्ता मोहनलाल शेठच्या दुकानातच घेतला. दिपमालाने कोकिळेला दुपारभर साड्या उलगडून दाखवल्या, नवरीचा शालू स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला आणि शेठना सांगून भाव उतरवून घेतला. निंबाने वऱ्हाडासाठी पारोळ्याची मोठी बस ठरवली. मागे रेलणाऱ्या खुर्च्यांची बस आहे, हे त्याने गावात इतक्यांना सांगितलं की लोकांना नवरीचं नाव कळायच्या आधी बस कळली. यशोदाबाईंनी हळदीची आणि लग्नाची रजा घेतली. मागच्या गल्लीतल्या बाईला तेवढ्यापुरत्या पोळ्या त्या स्वतःच सांगून आल्या.

हळदीच्या सवाष्णी सांगायला कोकिळा निघाली तेव्हा यशोदाबाई बरोबर होत्या. गाडीतल्या सगळ्या बायांना सांगून झालं. प्रेमराजचं घर मळ्यात, फाट्याजवळ. त्या वाटेला लागल्यावर कोकिळा थांबली.

"तिनी भावजयले सांगूत. तिले नको."

"नवरा जिता शे तिना."

"जिता शे, पन कोठे शे? हळदले अशी बाई नको, जाऊबाई. उद्या काही कमीजास्त व्हयनं तं आपलंच नाव निंघी."

यशोदाबाई तिच्यामागे चालू लागल्या. पोराच्या आईचं मन मोडायचं नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दिपमाला रोज भेटते, तिला समजावता येईल. शिवाय ती समजून घेणारी आहे. दिपमाला समजून घेणारी आहे, हे त्या गावात सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी पारोळ्याच्या बसवाल्याचा फोन आला. फरशीचं त्याला आता कुणीतरी सांगितलं होतं. गाडी गावात आणणार नाही, नाल्याच्या पलीकडे उभी करीन, म्हणाला.

"निंबा, तुले फरशी माहीत नही व्हती का?" वनाभाऊंनी विचारलं.

निंबाला ती फरशी जन्मापासून माहीत होती. रेलणाऱ्या खुर्च्या बघताना ती आठवली नव्हती, एवढंच.

नाला काही लांब नव्हता. गावातल्या शेवटच्या घरापासून हाक मारली तर पलीकडे ऐकू जाई. पण मंडपात बसलेल्यांना ते पटेना. "नवरदेव काय धुरळामा पायी जाई का? सारं व्हिडिओमा येई. नवरीकडला लोके काय म्हनतीन?" यशोदाबाईंनाही पटलं नाही. बाशिंग बांधलेला, कोऱ्या बुटांचा स्वप्नील नाल्याच्या चिखलाकडेने जातोय, हे त्यांना डोळ्यांपुढे आणवेना. त्या मोठ्या आई होत्या. त्या बोलल्या असत्या तर निंबाने ऐकलं असतं.

अंधार पडला तेव्हा हितेंद्र हळदीला आलेलाच होता. निंबाने त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं आणि दोघं हसतच परत आले. पारोळ्याची बस सोडून लहान गाडी आणि जोडीला दोन जीपा. अक्कांच्या घरचं कार्य म्हणून त्याने भावही कमी केला. मग तो बायांमध्ये आला. यशोदाबाईंचे हात कोपरापर्यंत हळदीत होते.

"अक्का, दरवेळी म्हणता ना, आदल्या दिवशी सांग? घ्या, आदल्या दिवशी सांगितलं. उद्या गाडी नाही."

बाया हसल्या. यशोदाबाईही हसल्या. गाडीतल्या सगळ्याजणी तिथेच होत्या. "आम्हीबी वऱ्हाडमाच शेत, आमले कोठे धुळं?" एक म्हणाली. जिचे मालक सुट्टी देणार नव्हते तिने तिथल्या तिथे पुतण्याची मोटरसायकल सांगितली. फक्त दिपमाला तिथे नव्हती. संध्याकाळची गाडी येऊन गेली होती. ती फाट्यावर उतरून मळ्यात गेली होती, आणि तेव्हा तोतारामलाही उद्याचं काही माहीत नव्हतं.

यशोदाबाई हात धुवायला मोरीपाशी गेल्या. "मळावर सांगनं पडी," त्या कोकिळेला म्हणाल्या. "दिपमाला सकाये उभी ऱ्हाई."

"काय सांगशात? आमना वऱ्हाडसाठे तुनी गाडी लिधी, असं?" कोकिळेने आवाज खाली आणला. "हळदले बलावं नही, आनि हाई सांगाले जावानं. तिना तळतळाट कसाले लेतस पोरना डोकावर? प्रेमराज बठेल शे ना मंडपमा. त्याले माहीत शे. तो सांगी."

प्रेमराज बसला होता खरा, पुरुषांच्या पंगतीत. गाडीचं सगळं त्याच्यादेखत ठरलं होतं. यशोदाबाईंनी दारातून त्याच्याकडे पाहिलं. त्याने जेवता जेवता मान लववली. बहिणीला सांगशील ना, एवढं विचारायचं होतं. पण पुरुषांची पंगत होती, अंगावर हळद होती, आणि आतून कुणीतरी तेलाचा डबा कुठे आहे म्हणून हाका मारत होतं. त्या तेलाचा डबा काढायला गेल्या.

सकाळी गाडी सजली. पुढे केळीचे खांब बांधले, काचेवर दोन्ही नावं चिकटवली. यशोदाबाईंना तोतारामच्या मागची जागा दिली आणि मांडीवर शालूची पेटी. गाडी फरशीवरून एका अंगाने कलत गेली तेव्हा सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं आणि मग गाणी लावली.

फाट्यावर दिपमाला उभी होती. बऱ्याच वेळची उभी असावी, कारण पिशवी खाली ठेवलेली होती. गाडी दिसल्यावर तिने पिशवी उचलली, हात केला, आणि केळीचे खांब दिसले तेव्हा तो हात तसाच राहिला. तोतारामने सवयीने ब्रेक दाबला. दार उघडलं.

"अक्का," ती म्हणाली. आत गाणं मोठ्याने लागलं होतं, म्हणून चांगला कान पुढे करून उभी होती. "आज गाडी नही का?"

"नही, बहीण. पारोळावाला येवाले तयार नही व्हयना."

"काल कोनी सांगं नही."

"प्रेमराजले माहीत व्हतं ना."

दिपमालाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पेटीकडे पाहिलं. "आज साक्रीकडला बस्ता शे. शेठनी मलेच सांगेल शे. कालच बोलनात, आज उशीर व्हयना तं येऊच नको."

"दूधवाला?"

"तो कव्हयना गया."

"तोताराम, चाल ना भो," मागून निंबा ओरडला. "मुहूर्त काय वाट पाही का?" कोकिळेने मागून यशोदाबाईंच्या पदराला हलकेच ओढ दिली. तोताराम आरशातून त्यांच्याकडे बघत होता. धुळं उजवीकडे होतं, वऱ्हाड डावीकडे जाणार होतं.

"जीप येई दख आते," यशोदाबाई म्हणाल्या. "पहिली येई तिनामा बठ."

"हां," दिपमाला म्हणाली आणि दार लागावं म्हणून एक पाऊल मागे सरली.

तिला जीप मिळाली, पण दुपारी. ती दुकानात पोहोचली तोवर साक्रीची मंडळी तासभर बसून समोरच्या दुकानात गेली होती. साक्रीकडची आवड दिपमालालाच कळते, म्हणून शेठनी दुसऱ्या कुणाला पुढे केलं नव्हतं. मोहनलाल शेठ ओरडले नाहीत. त्यांनी तिला पाणी दिलं. "बेटी, तुझी गाडी येत नाही हे मी गेल्या सीझनलाही ऐकलं. खरंच असेल ते. पण गिऱ्हाइकाला मी काय दाखवू, साडी का तुझी गाडी?" गादीवर शेठची सून चेलना बसली होती. तिने हिशेब करून पगार दिला आणि वर एक ब्लाउजपीस ठेवला. तो ठेवल्यावर दिपमालाला कळलं की आता बोलण्यात अर्थ नाही.

यशोदाबाईंना हे लग्नाची पूजा वगैरे आटोपून कामावर परत गेल्यावर कळलं. गाडीत दिपमालाची जागा रिकामी होती. बाया त्याविषयी हळू बोलत आणि यशोदाबाई वळल्या की लग्नातल्या जेवणाविषयी बोलत.

काही दिवसांनी दिपमाला त्यांच्या घरी आली. दाराशीच बसली. तिने दोष दिला नाही, आणि ते यशोदाबाईंना जड गेलं. तिच्या डोक्यात एकच होतं. धुळ्याला गाड्यांचं सरकारी ऑफिस आहे, तिथे हितेंद्रची तक्रार करायची. "मी सोता उशीर करा नही, हाई कोठेतरी लिखेल पाहिजे, अक्का. शेठले दखाडसू. दादालेबी. वहिनी रोज इचारस, आते काय करशी म्हनीसन."

यशोदाबाई लगेच हो म्हणाल्या. त्यांना वाटलं, चला, आपल्यालाही काही करता येईल. हितेंद्रला दंड होईल, गाडी रोज सोडावी लागेल. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन त्या दिपमालाला घेऊन गेल्या. गेल्या त्या हितेंद्रच्याच गाडीने. दुसरी नव्हती.

ऑफिसातले साहेब बोलायला बरे होते. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, गाडीचा नंबर विचारला आणि कॉम्प्युटरमध्ये पाहिला. मग खुर्ची मागे सरकवली.

"मावशी, या गाडीचं परमिट कशाचं आहे माहीत आहे का? वऱ्हाड, सहल, देवदर्शन. एका पार्टीने अख्खी गाडी ठरवायची. रोज तिकिटावर माणसं भरायचं परमिट नाही हे."

"म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे त्या दिवशी गाडी लग्नाला गेली ते कायद्याने बरोबर. तुम्हाला रोज धुळ्याला आणते ते चूक."

दिपमालाने चांगला कान पुढे करून विचारलं, "मग तक्रार होत नाही?"

"होते ना. लिहून द्या, हा रोज तिकिटावर माणसं भरतो. मी रस्त्यात गाडी धरतो, जमा करतो, दंड लावतो. माणूस सरळ होईल. फक्त रोज बसणाऱ्याची सही पाहिजे. तुम्ही रोज बसता?"

"बसायची."

"आणि आता?"

"आता नोकरी नाही."

"मग तो म्हणेल, ही माझी प्रवासीच नाही. तुम्ही द्या, मावशी. तुम्ही आजही त्याच गाडीने आलात ना?" साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आणि त्या दिवशीचं वऱ्हाड कोणाचं होतं, तेही लिहा."

"आमचंच," यशोदाबाई म्हणाल्या.

साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा यांच्याकडे पाहिलं आणि टेबलावरच्या दुसऱ्या कामात डोकं घातलं.

दिपमालाने कागद ओढून घेतला. तिचं अक्षर चांगलं होतं. सगळं लिहून खाली आपली सही केली आणि पेन यशोदाबाईंना दिलं. यशोदाबाईंनी ते हातात धरलं.

"गाडी जमा व्हयनी तं बाकीन्या बाया कश्या येतीन, दिपमाला? दवाखानावाली, शिलाईवाल्या. सगळ्यासनी रोजी जाई."

"त्या दिन बाकीन्या बायासले माहीत व्हतं, अक्का," दिपमाला म्हणाली. तिने आवाज चढवला नाही.

यशोदाबाई त्या बायांचा विचार करत होत्या हे खोटं नव्हतं. पण त्या मागच्या गल्लीतल्या बाईचाही करत होत्या, जिने लग्नाच्या दोन दिवसांत पोळ्या चांगल्या केल्या होत्या, मॅडम म्हणाल्या तशा. आणि खाटेवरच्या वनाभाऊंचा. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"साहेब, घरी विचारून येते."

"या विचारून," साहेब मान वर न करता म्हणाले.

संध्याकाळपर्यंत दोघी गाडीच्या थांब्यावर बसून राहिल्या. यशोदाबाईंनी केळी घेतली, दिपमालाने खाल्लं नाही. एकेक करून बाकीच्या बाया जमल्या, तोताराम गाडी घेऊन आला, सगळ्या चढल्या. दिपमाला उठली नाही.

"तू जाय, अक्का. मी साक्रीनी गाडी धरस."

"येडी व्हयनी का? त्या मानूसपान?"

"वहिनीनी मनी पिशवी भरी ठेयेल शे. परवदिन दखी मी. दादा घाली यी, त्यानापेक्षा मीच जास."

"आज नको. आज घर चाल. मी बोलस प्रेमराजसंगे."

"काय बोलशी?" दिपमालाने विचारलं. टोचायला म्हणून नाही. खरंच काय बोलशील, असं विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली.

यशोदाबाईंनी तिचं मनगट धरलं होतं. तोतारामने हॉर्न दिला. आतून हाका आल्या, "अक्का, चाला ना, घरमा पोरे भुक्या ऱ्हातीन." त्यांनी आणखी थोडा वेळ मनगट धरून ठेवलं आणि मग त्या चढल्या. गाडी वळली तेव्हा दिपमाला रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्याकडे चालली होती. साक्रीच्या गाड्या तिकडून सुटतात.

फाट्यावर प्रेमराज मोटरसायकल घेऊन उभा होता. बहीण सकाळी ऑफिसला गेली हे त्याला कळलं होतं. दार उघडलं, आणि त्याने आत नजर टाकली.

"दिपमाला?"

"साक्रीले गयी," यशोदाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या.

प्रेमराजने मान वळवून धुळ्याच्या बाजूला पाहिलं. मोठ्या रस्त्यावरून ट्रक जात होते.

"तू त्या दिन तिले सांगं का नही रे?" यशोदाबाईंनी विचारलं. "गाडीनं. मंडपमा बठेल व्हता तू."

"सांगानं काम तुमनं शे, अक्का. मारुतीपुढे ठरेल शे." मग त्याने विचारलं, "कोनी धाडी नही ना तिले? सोताहून गयी ना?"

"सोताहून गयी."

"मंग तेवढं तुम्हीच सांगा गावमा. मी सांगसू तं लोके मानावूत नही. तुमनं ऐकतस."

त्याने मोटरसायकलला किक मारली आणि मळ्याच्या वाटेने गेला. तोतारामने दार ओढून घेतलं. गाडी गावाकडे वळली. आत सगळ्या बाया त्यांच्याकडेच बघत होत्या. यशोदाबाईंनी वरचा दांडा धरला.

"सोताहून गयी," त्या म्हणाल्या. "कोनी धाडी नही."